दुखण्याचा नवस

मी अकोल्याच्या कोर्टात वकिली करते. घाबरलेला माणूस भलत्या वेळी भलतं कबूल करून बसतो आणि मग निस्तरायला आमच्याकडे येतो, हे रोजचंच. अशा माणसाला मी पहिल्या भेटीतच झापते. तोंड उघडण्याआधी विचार करायला काय झालं होतं, हे माझं ठरलेलं वाक्य, आणि त्यापायी माझे दोन-तीन अशील दुसऱ्या वकिलाकडे गेलेलेही आहेत. म्हणूनच माझ्या बाळंतपणात मी स्वतः काय कबूल करून बसले होते ते आजवर नवऱ्यालाही धड सांगितलेलं नाही.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, अमरावतीला आले होते. डिसेंबरचे दिवस होते. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपारपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं, आणि तीनच्या सुमारास पोटाला लावलेल्या यंत्रातून ऐकू येणारे बाळाचे ठोके एकाएकी संथ झाले. नर्सने मला डाव्या कुशीवर वळवलं, नाकाला ऑक्सिजन लावला. ठोके थोडे सावरले आणि पुन्हा घसरले. डॉक्टरीणबाई आल्या, यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या की आता वाट पाहायची नाही, सिझेरियन करायचं. माझ्यापुढे संमतीचा कागद आला. एरवी मी स्वल्पविरामावरून भांडणारी बाई. तो कागद न वाचता सही करून दिला.

प्रसूतीच्या खोलीपासून ऑपरेशनच्या खोलीपर्यंत एक बोळ होता, वीस-पंचवीस पावलांचा. तेवढ्या अंतरात मी नवस बोलले. माझे बाबा भिक्षुकी करतात. लहानपणापासून मी ओसरीवर बसलेली माणसं पाहिली आहेत, कुणी नवस फेडायला आलेलं, कुणी फेडायचा राहिला म्हणून हादरलेलं. आतल्या खोलीत मी त्यांच्या नकला करायचे. देवाला लाच काय देता, असं एकदा मोठ्याने म्हणाले तेव्हा बाबांचा मारही खाल्ला होता. त्या स्ट्रेचरवर मात्र माझ्या तोंडून अगदी स्पष्ट शब्द निघाले. अंबामाय, माझं लेकरू रडू दे. मला किती दुखायचं ते दुखू दे, सव्वा महिना मी दुखण्याची एक गोळी तोंडात घालणार नाही.

नारळ, खण, साडी असलं काही का सुचलं नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मला ते फार स्वस्त वाटलं असावं. माणूस घाईत जवळ असेल तेच पुढे करतो, आणि त्या वेळी माझ्याजवळ दुखण्याशिवाय काहीच नव्हतं.

लेकरू रडलं. हिरव्या पडद्यापलीकडून चांगला खणखणीत आवाज आला, आणि कुणीतरी मुलगा आहे म्हणून सांगितलं. मी इतकी रडले की भूल देणारे डॉक्टर म्हणाले, आता बाळाला रडू द्या, तुमचं झालं.

पहिले दोन दिवस नवसाचा काही त्रास झाला नाही. सलाईनमधूनच दुखण्याची इंजेक्शनं जात होती, आणि मी गोळी म्हटलं होतं, इंजेक्शन नव्हे, अशी पळवाट मी पडल्यापडल्याच काढली. सवयच ती. तिसऱ्या दिवशी सलाईन निघालं आणि नर्सने हातावर गोळ्या ठेवल्या. एक जंतूंची, एक कॅल्शियमची, एक दुखण्याची. दुखण्याची दिवसातून तीनदा. मी दोन गिळल्या आणि तिसरी जिभेखाली धरून, नर्स वळताच उशीच्या अभ्र्यात सरकवली. चोरी करताना कसं वाटतं हे मी अशिलांकडून ऐकलं होतं. ते खरं सांगत होते.

त्या संध्याकाळपासून दुखणं काय असतं ते मला कळलं. टाक्यांच्या जागी आग व्हायचीच, पण आग परवडली. कुशीवर वळताना आतलं सगळं सुटून एका बाजूला घरंगळतंय असं वाटायचं. खोकला आला की उशी पोटाशी दाबायची, शिंक आली की देवाचं नाव घ्यायचं, आणि हसायचं तर अजिबात नाही. संडासला जायचं म्हटलं की अर्धा तास आधीपासून छातीत धडधड. नर्स सांगायची, आधी कुशीवर व्हा, मग कोपरावर भार देऊन उठा, सरळ उठू नका. मी तसंच करायचे आणि तरीही उठेपर्यंत घामाने निथळायचे. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या की विचारायच्या, दुखणं सहन होतंय ना? मी हो म्हणायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

भेटायला येणाऱ्या बायकांनी त्यात भर घातली. दूरची एक काकू पलंगाशी बसून म्हणाली, "तुह्यं बरं झालं वं बाई. तुले तर सोसाच नाही लागलं. पोट फाडलं, लेकरू काढलं, मोकळी." मला तिच्या हातातला थर्मास तिच्याच डोक्यात घालावासा वाटला. मी सकाळपासून दुपारपर्यंत कळाही सोसल्या होत्या आणि वर पोटही फाडून घेतलं होतं, म्हणजे दोन्हीकडून मार. पण ती गेल्यावर मला नवसाचं आणखीच बळ आलं. सोसून दाखवते म्हटलं.

पाचव्या दिवशी घरी आले. आईने माझ्यासाठी खास सुताची बाज मागवून ठेवली होती, कारण बाळंतिणीने बाजेवरच झोपायचं असतं. बाज मधोमध खोल जाते. त्या खोलीतून पोटावर टाके असलेल्या बाईने वर कसं यायचं, याचा विचार बाज विणणाऱ्या कुणी केलेला नाही. मी आईवर ओरडले, आईने मुकाट्याने बाज उभी करून ठेवली आणि बाबांचा लाकडी पलंग माझ्या खोलीत आणला. शेंदूरजनाघाटहून मामाने संत्र्यांची पेटी पाठवली होती. बाळंतिणीला संत्री चालत नाहीत म्हणून ती सगळ्या गल्लीने खाल्ली आणि मी वास घेतला.

गोळ्या लपवायची जागाही मला घरी सापडली. फडताळात बाळगुटीची लाकडी डबी होती, हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग असलं सगळं ठेवलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं की आईच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काही घालायचं नाही, गुटीही नाही, आणि आईने मान हलवली होती. म्हणजे डबी उघडण्याचा प्रश्न नव्हता. दवाखान्यात उशीच्या अभ्र्यातून पर्समध्ये आणि पर्समधून घरी आलेल्या गोळ्या मी त्या डबीत टाकल्या, आणि रोजच्या तीन तिथेच जाऊ लागल्या. नवरा तीन दिवस राहून अकोल्याला नोकरीवर परत गेला होता. कुणालाच मी ताकास तूर लागू दिली नाही.

पण लेकराला काही लपवता येईना. त्याला पाजायला घेतलं की त्याचे पाय टाक्यांवर येतील या धास्तीने मी त्याला अंगापासून चार बोटं लांब धरायचे. बसल्यावर पाच मिनिटांत पाठ वाकायची, कंबर धरायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी त्याला सोडवायचे. तो थोडं कुरकुरायचा आणि झोपून जायचा. किती शहाणं लेकरू, असं येणारी जाणारी म्हणायची. तासन्‌तास झोपतो, रडत नाही, त्रास देत नाही. मलाही आधी तसंच वाटलं.

मग मी अंगणातल्या तारेकडे बघायला लागले. शेजारच्या बाळंतिणीच्या तारेवर लंगोटांची रांगच्या रांग वाळत असायची. आमच्या तारेवर दुपारपर्यंत दोन. आई ते दोन लंगोट वाळले तरी काढायची नाही. तार रिकामी दिसू नये म्हणून, हे मला नंतर समजलं. तिने अळिवाची खीर वाढवली, शेपूची भाजी दोन्ही वेळा सुरू केली, डिंकाचे लाडू बळेच भरवले. मी सगळं खात होते आणि आतून थंड पडत होते. त्याच्या तळपायावर टिचकी मारून मी त्याला उठवायचे, आणि तो डोळे न उघडता तोंड फिरवायचा तेव्हा त्या यंत्रातले संथ ठोके मला पुन्हा ऐकू यायचे.

सातव्या दिवशी टाके दाखवायला गेलो तेव्हा बाळाला काट्यावर ठेवलं. जन्माला आला तेव्हा पावणेतीन किलो होता. आता अडीच किलोच्याही खाली गेला होता. बाळाचे डॉक्टर काही चिडले वगैरे नाहीत, उलट फार शांत झाले, त्याचीच मला जास्त भीती वाटली. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, पण एवढं नाही आणि आतापर्यंत ते परत चढायला लागायला हवं होतं, असं त्यांनी समजावलं. दोन दिवसांनी परत आणा, चढलं नाही तर दाखल करून घेऊ आणि वरचं दूध सुरू करू. मग त्यांनी मला आतल्या खोलीत नर्ससमोर पाजायला बसवलं.

ती नर्स पन्नाशीची असेल. ती माझ्याकडे नुसती बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमी लेकराले असं दूर कावून धरून राहिल्या? जसं काही शेजारनीचं लेकरू हाय."

टाके दुखतात, मी म्हणाले. तिने दुखण्याची गोळी कधी घेतली ते विचारलं. सकाळी, असं मी बेधडक सांगितलं.

"आमी रोज हेच पायतो," ती म्हणाली. "गोळी घेतलेल्या बाईचे खांदे असे कानाले लागत नाहीत. दुखत असलं का अंग आखडते, मंग दूध बी उतरत नाही अन् लेकरू बी धड धरता येत नाही. गोळी टायमावर घ्या. डॉक्टरनं तुमाले चालन तेच लिहून देल्लं हाय."

तिने माझ्या मांडीवर उशी ठेवली, बाळाचे पाय माझ्या काखेखालून मागे वळवले आणि त्याला माझ्याशी घट्ट लावलं. टाक्यांवर काही आलं नाही, पण माझं अंग आवळलेलंच होतं. उलटतपासणीत साक्षीदार कुठे मोडतो ते मला नेमकं कळतं. त्या खोलीत मी मोडले होते, फक्त कबुली द्यायची राहिली होती.

रिक्षातून घरी येताना माझ्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. गोळी घेतली तर नवस मोडतो. नवसापोटी लेकरू वाचलं. नवस मोडला आणि त्याला काही झालं तर? नाही घेतली तर लेकरू माझ्या डोळ्यांदेखत वाळत चाललंय. मला कुणी अशील येऊन हे सांगता तर मी त्याला हसले असते. म्हटलं असतं, वाचवलं ते डॉक्टरीणबाईंनी, अंबादेवीकडे बिल आलं होतं का? हे सगळं मला येत होतं. येत असूनही घरी पोचल्यावर मी दुपारची गोळी हातात घेतली, ओठांपर्यंत नेली आणि डबीत टाकली. त्या वेळी मला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी आई फडताळाशी गेली आणि गुटीची डबी उघडून तिथेच उभी राहिली. लेकराचं वजन उतरलं म्हणताना तिला राहवलं नव्हतं. डॉक्टरांच्या चोरून दोन वेढे गुटी द्यावी असं तिने मनाशी ठरवलं होतं. दोघी एकाच डबीपाशी पकडल्या गेलो. एरवी मी यावरून तिला आयुष्यभर चिडवलं असतं.

"हे काय हाय?" तिने विचारलं. हळकुंड-वेखंडात पांढऱ्या गोळ्या, तेरा-चौदा तरी असतील.

मी सांगून टाकलं. बोळ, ठोके, सव्वा महिना, सगळं. मला वाटलं होतं की ती कपाळावर हात मारेल, नाहीतर रडेल. ती पलंगाच्या कडेला बसली आणि बराच वेळ बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत राहिली. मग म्हणाली, "देवीले बोलली ना, मंग ते मोडाचं नाही."

तिचं ते ऐकून मी रडायलाच लागले. आणि हा? मी म्हटलं, याचं काय करू? बाळाचं माझ्यावर सोड, एवढंच बोलून ती उठली.

बाबा भातकुलीला सत्यनारायण सांगायला गेले होते. ते आल्यावर आई त्यांना घेऊन देवघरात गेली. पळीचा भांड्यावर आवाज झाला, बाबांचा घाईघाईचा पुटपुटणारा स्वर ऐकू आला. हा प्रकार मला नवा नव्हता. कुणी आजारी असलं, परगावी असलं, तर त्याच्या वतीने बाबा जप करायचे, उपास धरायचे. यजमानाने हातावर पाणी सोडलं की ते काम बाबांचं झालं. आमच्याकडच्या वकीलपत्रासारखंच ते. आपल्या जागी दुसरा उभा राहतो आणि वरच्याला ते मान्य असतं.

आई बाहेर आली तेव्हा तिचा उजवा हात ओला होता. डाव्या हाताने तिने मला गोळी दिली आणि पाण्याचा पेला पुढे केला. तुझ्यावरचं उतरलं, आता ते माझ्याकडे आहे, असं ती म्हणाली. म्हणजे काय करणार आहेस, असं मी विचारलं तर म्हणाली, तुला काय करायचं, गोळी घे. मला वाटलं महिनाभर भात सोडेल, नाहीतर कौंडण्यपूरला अनवाणी जाऊन येईल. खरं सांगायचं तर मी फार विचारलंही नाही. मी गोळी गिळली, आणि सात दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

अर्ध्या-पाऊण तासाने खांदे आपोआप खाली आले. दुखणं गेलं नव्हतं, पण दाराबाहेर जाऊन बसलं होतं. नर्सने दाखवलं तसं बाळाला उशीवर घेतलं, अंगाशी लावलं. तो आधी नेहमीसारखा तोंड फिरवू लागला, मग त्याने धरलं, आणि थोड्या वेळाने त्याच्या घशातून घोट गेल्याचा बारीकसा आवाज आला. मग दुसरा. मी मोजत बसले आणि मोजता मोजता विसरले. वीस मिनिटं झाली तरी माझी पाठ शाबूत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तारेवर पाच लंगोट होते.

नवव्या दिवशी आम्ही परत दवाखान्यात गेलो. बाळाचे डॉक्टर पहिल्या मजल्यावर बसायचे. मी बाळाला घेऊन हळूहळू वर चढले. आई मागून येतेय असं धरून चालले होते. काट्यावरचा आकडा हलत हलत थांबला. साठ ग्रॅम चढलं होतं. डॉक्टर म्हणाले, उत्तम, असंच चालू ठेवा, दाखल करायची गरज नाही. मी मागे वळून आईला सांगायला गेले तर आई खोलीत नव्हतीच.

ती जिन्यात होती. अजून अर्धाच जिना चढली होती. आडवी वळून, कठडा दोन्ही हातांनी धरून, एक पाऊल वर टाकायची, दुसरं त्याच पायरीवर ओढून घ्यायची आणि थांबायची. ओठ घट्ट मिटलेले. दहा वर्षांपासून तिच्या गुडघ्यांची झीज झालेली आहे आणि डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी ती रोज सकाळी चहाबरोबर घेते. ती घेतली की दिवसभर घर उचलते, त्यामुळे तिचे गुडघे दुखतात हे आम्ही सगळेच विसरून गेलो होतो. मी वरून बघत होते आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं.

वजन किती, तिने खालूनच विचारलं. चढलं, मी म्हटलं, आणि लगेच विचारलं की तुझी गोळी कधीपासून बंद आहे. तिने पुढच्या पायरीवर पाऊल टाकलं. मी जिन्यातच तिच्यावर भडकले. चार माणसं बघत होती, टाके ओढत होते, बाळ जागं झालं. मी म्हटलं, हे असलं मी मागितलं होतं का तुला? मला विचारलंस का? माझा वेडेपणा तू कशाला अंगावर घेतलास?

तिने माझं सगळं बोलून होऊ दिलं. मग म्हणाली, "तू तुह्या लेकरासाठी बोलली. मले लेकरू नाही काय?"

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

मी तिला परोपरीने सांगून पाहिलं. बाराव्या दिवसानंतर माझं दुखणं खरंच कमी होऊ लागलं होतं, तेव्हा म्हटलं की आता मला गोळी लागत नाही, माझं मला परत दे. बाबांना विचारलं, संकल्प मागे घेता येतो का? बाबा खाली बघत म्हणाले की हातावरून सुटलेलं पाणी परत हातात येत नसतं. ते पुढे म्हणाले, "म्या तिले म्हटलं होतं, दुसरं काही धर, एकादशा धर. तर मले म्हने, दुखण्याचा नवस दुखूनच फेडा लागते." चाळीस वर्षं लोकांना संकल्प सांगणाऱ्या माणसाला घरच्या संकल्पापुढे काही करता येत नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

बारशाला पाळण्याखालून बाळ देता-घेता आई गुडघ्यांवर बसली आणि तिला उठता येईना. दोघींनी काखेत हात घालून उठवलं. आता आजी झाली बाई ही, असं म्हणून सगळ्या हसल्या. तीही हसली. मी पाळण्याची दोरी धरून उभी होते.

आता जे सांगायचं ते मला सगळ्यात जड जातं. मी मनापासून हट्ट धरला असता, जेवण सोडलं असतं, अकोल्याला निघून जाण्याची धमकी दिली असती, तर आईने गोळी घेतली असती. मी तिला ओळखते. मी तेवढा हट्ट धरला नाही. रोज सकाळी ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायची, मी बोलायचे, रागवायचे, तिच्यापुढे तिची गोळी आणून ठेवायचे, आणि तिने ती बाजूला सारली की माझ्या आत कुठेतरी बरं वाटायचं. नवस पाळला जातोय, लेकराचं वजन चढतंय. त्याच्या जिवाचा विमा आईच्या गुडघ्यांवर उतरवला होता आणि मी तो चालू राहू दिला. कोर्टात मी दुसऱ्यांचे हेतू सोलून काढते. माझा हा होता.

सव्वा महिना भरला त्या दिवशी आम्ही बाळाला घेऊन अंबादेवीला गेलो. आईने ओटी भरली, बाळाला पायरीवर टेकवलं. मी काही मागितलं नाही, नुसती उभी राहिले. घरी आल्याबरोबर मी चप्पलही न काढता तिच्या हातावर गोळी ठेवली. तिने ती पाण्याबरोबर घेतली आणि पलंगावर पाय लांब करून बसली. मी शेजारी बाळाला पाजायला बसले. अर्ध्या तासाने तिने एक गुडघा हळूच दुमडून पाहिला, मग दुसरा. मी तिचे पाय चेपू का म्हटलं तर म्हणाली, आधी त्याचं होऊ दे.

मुलगा आता दोन वर्षांचा आहे. अकोल्यात मी, तो आणि त्याचे बाबा असतो. मागच्या महिन्यात त्याला ताप होता, उतरत नव्हता, आणि आईचा नेहमीप्रमाणे संध्याकाळी फोन आला. त्याला मांडीवर घेऊन मी बोलत होते. माझ्या तोंडाशी ते शब्द पुन्हा आले, अगदी तसेच, अंबामाय, एवढं लेकरू बरं होऊ दे. मी दात आवळून गप्प झाले. काय झालं, बोलत काहून नाहीस, आई तिकडून विचारत होती. मी म्हटलं, काही नाही, ताप उतरतोय.